दुतोंड्यापासून सराफबाजारापर्यंत: पाण्याच्या मापाने चालायची फेरी

नाशकात पूर मीटरमध्ये कुणी मोजत नाही. गोदावरीच्या पात्रात दुतोंड्या मारुतीची मूर्ती आहे. पाणी ‘दुतोंड्याच्या कमरेला लागलं’ किंवा ‘गळ्यापर्यंत आलं’ म्हटलं की जुन्या गावात कुठल्या गल्लीत पाणी शिरणार ते सगळ्यांना कळतं. सातवी ते नववीच्या मुलांसाठी वारसा फेरी आखताना आम्ही हीच मोजपट्टी हातात घेतली. देवळांची यादी करत गेलं, की चौथ्या देवळात मुलं शेजाऱ्याच्या खोड्या काढू लागतात.

सुरुवात सकाळी सातला, काळाराम मंदिराच्या पूर्व दरवाजाशी. रामशेज डोंगराचा काळा दगड, सरदार रंगराव ओढेकरांनी अठराव्या शतकाच्या अखेरीस केलेलं बांधकाम, एवढी माहिती पाच मिनिटांत होते. 2 मार्च 1930 ला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली सुरू झालेला मंदिरप्रवेशाचा सत्याग्रह मात्र दरवाजाबाहेर उभं राहूनच सांगावा, कारण तो दरवाजाबाहेरच झाला. आत शिरल्यावर सांगितला तर त्याची धार जाते. नंतर सभामंडपातले खांब मोजायला लावायचे. आकडा आपण सांगायचा नाही. तीन गटांची तीन उत्तरं येतात, पुन्हा मोजणी होते आणि त्या निमित्ताने खांब नीट बघितले जातात.

पादत्राणं काढायची ती फक्त इथेच. तीस मुलांचे बूट काढणं, घालणं, एकाचा हरवलेला मोजा शोधणं यात सहज वीस मिनिटं जातात. दोन देवळांत आत गेलं की वेळापत्रक कोलमडलंच. म्हणून सीतागुंफा आणि कपालेश्वराचं शिवमंदिर बाहेरूनच. कपालेश्वरापुढे नंदी नाही, हे मुलांनी स्वतः हेरायचं. त्याच्या पायऱ्या उतरताना त्या मोजत यायच्या आणि आकडा वहीत लिहायचा, पुढे लागतो.

रामकुंडावर थांबा ठेवू नये. तिथे अस्थिविसर्जन चालू असतं, लोक दुःखात असतात आणि मोबाईल उंचावलेली तुकडी तिथे शोभत नाही. चालता चालता एवढंच दाखवायचं, की गंगा (नाशिककर गोदावरीला गंगाच म्हणतात) इथे दक्षिणेकडे वळते.

खरा मुक्काम नारोशंकराच्या भिंतीखाली, चांगला अर्धा तास. देऊळ 1747 चं. घंटा वसईच्या विजयातली, म्हणजे 1739 नंतर इकडे आलेली पोर्तुगीज घंटा. ‘नारोशंकराची घंटा’ हा वाक्प्रचार मुलांना घरी ऐकून ठाऊक असतो, मोठ्या आवाजाच्या मावशीमुळे. समोर पात्रात दुतोंड्या मारुती. इथे गाठी मारलेली दोरी काढायची, दर फुटाला एक गाठ, एकूण वीस फूट. दोरीचं टोक भिंतीच्या तळाशी धरून मुलं वर मोजत जातात. मारुतीजवळ जायचं नाही. त्याचे पाय, गुडघे, कंबर, गळा आणि डोकं भिंतीवर कुठवर येतील, ते काठावरून डोळ्यांच्या रेषेत बघून खडूने खुणावायचं. खडू ओल्या फडक्याने पुसून निघायचं, हे विसरलं तर पुढच्या वेळी कुणी उभंही करणार नाही. मगाशी मोजलेल्या पायऱ्या आता कामाला येतात: घंटेला पाणी लागलं, तर कपालेश्वराच्या कितव्या पायरीवर ते असेल?

जुलै ते सप्टेंबर हा भाग वगळावा. इथे ऊन असलं तरी गंगापूर धरणातून विसर्ग सुरू असू शकतो. पातळी वाढते ती वरच्या पावसामुळे, डोक्यावरच्या ढगाचा त्याच्याशी संबंध नाही. त्या महिन्यांत हाच थांबा पुलावरून घ्यायचा. बुधवारीही नको, घाटावर आठवडे बाजार असतो. शिवाय 2026-27 च्या सिंहस्थ कुंभमेळ्यामुळे कुठे काय खणलेलं असेल याचा भरवसा नाही, म्हणून आदल्या दिवशी संध्याकाळी वाट चालून बघावीच.

गाडगे महाराज पुलावरून जुन्या नाशकात शिरलं की चढउतार सुरू होतात. चित्रघंटा, म्हसरूळ टेक, गणपती टेक: ‘टेक’ म्हणजे उंचवटा. नऊ टेकड्या म्हणून नाशिक, अशी एक व्युत्पत्ती सांगतात. शूर्पणखेच्या नाकाची दुसरी मुलांना आधीच माहीत असते. जुनी मातीची गढी दुरूनच दाखवावी, तिच्या कडा पावसाळ्यात ढासळतात. 1950-51 मध्ये पुरातत्त्वज्ञ सांकलिया आणि देव यांनी इथे उत्खनन केलं, तेव्हा ताम्रपाषाण काळापर्यंतचे थर मिळाले. वस्ती पुन्हापुन्हा उंचावरच का झाली, याचं उत्तर मुलांच्या हातातल्या दोरीत आहे.

तिवंधा चौकात पायाखाली रहाड आहे. रंगपंचमीचा हा पेशवेकालीन हौद वर्षभर झाकलेला असतो, त्यामुळे दाखवायला काही नसतं. रहाडीच्या चित्राचा मोठा छापील फलक सोबत हवा, मोबाईलवरचं चित्र मागच्या रांगेला दिसत नाही. थांबायचं ते चौकाच्या मधोमध नाही, बंद दुकानाच्या ओट्यालगत. दोन-दोनची रांग, पुढे एक मोठं माणूस, मागे एक. दुचाक्या थांबत नाहीत, हे गृहीत धरूनच चालायचं.

भांडीबाजार, दहीपूल, सराफबाजार. दुकानं उघडायच्या आत, साडेनऊपर्यंत इथे पोचायला हवं. उशीर झाला तर गर्दीत सांगणाऱ्याचा आवाज पाचव्या मुलाच्या पुढे जात नाही. नदीपासून इतक्या आत पाणी का येतं, हा प्रश्न इथे विचारायचा. उत्तर रस्त्याखाली आहे, झाकलेल्या सरस्वती नाल्यात: गोदेची पातळी चढली की नाल्याचं पाणी बाहेर पडू शकत नाही आणि उलटं बाजारात फुगतं. एखादं दुकान लवकर उघडलंच असेल, तर मालकाला आधी विचारून ठेवावं. पाणी कुठवर आलं होतं ते तो हात ठेवून दाखवतो आणि मुलं लगेच तिथे दोरी लावतात.

शेवट पेशवेकालीन सरकारवाड्याशी. प्रवेशाची वेळ आधी विचारून घ्यावी. बंद असला तर दरवाजासमोर बसून वह्या भरून घ्यायच्या, त्याला पंधरा मिनिटं पुरतात. स्वच्छतागृहाची सोय मात्र सुरुवातीलाच उरकून घ्यावी, मधल्या गल्ल्यांत ती सापडत नाही.