‘वाऱ्यावर’ सापडेना तेव्हा

गेले काही महिने एका वाचनालयासाठी जुन्या दिवाळी अंकांच्या फाइली युनिकोडमध्ये, म्हणजे प्रत्येक अक्षराला सर्व संगणकांवर एकच संकेतांक देणाऱ्या मानकात, आणण्याचे काम मी करतो आहे. अंक जुळवले गेले त्या काळी प्रत्येक फॉन्टकर्ता काना, वेलांटी, रफार यांचे तुकडे रोमन अक्षरांच्या जागी आपापल्या सोयीने बसवत असे. त्यामुळे तो फॉन्ट नसलेल्या संगणकावर कविता उघडली की रोमन अक्षरांचा निरर्थक पुंजका समोर येतो. मानक नव्हते असे नाही. भारतीय मानक ब्यूरोने ‘इस्की’ हे भारतीय लिप्यांच्या अक्षरांना संकेतांक देणारे मानक १९९१ साली स्वीकारले आणि त्याच वर्षी आलेल्या युनिकोडच्या पहिल्या आवृत्तीतील देवनागरीची मांडणीही इस्कीच्या १९८८ च्या रूपावरच बेतलेली होती. पण छापखान्याला कागदावर सुबक अक्षर हवे होते आणि पानजुळणीच्या सॉफ्टवेअरला ते फॉन्टमधूनच मिळत होते.

फाइली युनिकोडमध्ये आल्या तेव्हा काम संपले असे मला वाटले होते. मग मी ‘वाऱ्यावर’ हा शब्द शोधला. एका अंकात तो सापडला. दुसऱ्या अंकात मात्र डोळ्यांसमोर असूनही सापडेना. ‘ऱ्या’मधला आडवा अर्धा र साठवण्याच्या दोन रीती आहेत: एक, खाली टिंब असलेला स्वतंत्र ऱ आणि हलन्त; दुसरी, साधा र, हलन्त आणि पडद्यावर न दिसणारे, अक्षर जोडरूपात दाखवायला सांगणारे ‘झिरो विड्थ जॉइनर’ हे चिन्ह. पहिली रीत इस्कीला धरून आहे, तर दुसरी युनिकोड २.० मधील मजकुराशी सुसंगती राहावी म्हणून ठेवलेली आहे. ‘ॲ’चेही तसेच: त्याला स्वतंत्र संकेतांक २००८ साली ५.१ आवृत्तीत मिळाला. त्यापूर्वीचा मजकूर अ आणि चंद्र अशा जोडीने लिहिलेला आहे आणि युनिकोडच्या सामान्यीकरणाच्या (एकाच अक्षराची वेगवेगळी साठवण एकसारखी करण्याच्या) नियमांनी ही दोन रूपे एक होत नाहीत.

जुना मजकूर मोडू नये म्हणून ‘ऱ्या’ची दोन्ही रूपे वैध राखली, हे मला मनापासून पटते. मात्र त्यांपैकी कोणते साठवायचे, हे कळफलक, रूपांतरक आणि शोधयंत्रे बनवणाऱ्यांनी एकत्र बसून ठरवायला हवे. नाहीतर मराठी वाचकाला आपलाच शब्द आपल्याच भाषेत सापडत नाही.

आमच्या संग्रहापुरता मी स्वतंत्र ‘ऱ’ आणि स्वतंत्र ‘ॲ’ हाच नियम ठरवला आहे. जुन्या फाइलींवर तो चालवून झाला. पण नव्याने टंकून येणाऱ्या मजकुरात दोन्ही रूपे अजून येतात, म्हणून आता हा नियम फाइल संग्रहात घेतानाच लावावा लागणार आहे.