मधल्या नावापायी अडलेलं प्रमाणपत्र

न्यूयॉर्कच्या जुन्या इमारतींमधल्या रंगात शिसं आहे का, हे तपासायचं तर ईपीएचं, म्हणजे अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेचं प्रमाणपत्र लागतं. त्यासाठी २४ तासांचा अभ्यासक्रम आणि मग परीक्षा. प्रशिक्षणाचे तीन दिवस छान गेले. क्ष-किरणांनी शिसं मोजणारं एक्सआरएफ यंत्र खिडकीच्या चौकटीला टेकवायचं. वरचा रंग नवाकोरा असला तरी खालच्या थरांतलं शिसं आकड्यात दिसतं.

घोडं अडलं ते नावावर. माझ्या लायसन्सवर माझं नाव, नवऱ्याचं नाव आणि आडनाव असं सगळं आहे. प्रशिक्षण केंद्राने अभ्यासक्रमाच्या प्रमाणपत्रावर नवऱ्याचं नावच आडनाव म्हणून छापलं, खरं आडनाव गायब! मी कागद न वाचता पिशवीत टाकला आणि परीक्षेची नोंदणीही तशीच झाली. परीक्षेच्या दिवशी काउंटरवरच्या बाईंनी लायसन्स आणि स्क्रीन दोनदा ताडून पाहिलं आणि मला परत पाठवलं.

मग सुरू झाले फोन. आधी म्हणे मेल करा. मेल केली तर फॉर्म भरा. फॉर्म भरला तर प्रश्न, "तुमचं मधलं नाव पुरुषाचं कसं?" आमच्याकडे लग्नानंतर नवऱ्याचं नाव लावतात, हे मी तीन वेगवेगळ्या माणसांना पहिल्यापासून समजावलं. यात पाच आठवडे गेले. इकडे घड्याळ चालूच, कारण अभ्यासक्रम संपल्यापासून सहा महिन्यांत परीक्षा पास झाली नाही तर तो पुन्हा करावा लागतो, पैसे भरून. रात्र रात्र झोप नव्हती. शेवटी पासपोर्ट आणि लग्नाचा दाखला घेऊन थेट त्यांच्या ऑफिसात जाऊन बसले. दहा मिनिटांत नवा कागद हातात! मग पाच आठवडे कशासाठी घालवले, याचा राग अजून जात नाही.

परीक्षा पहिल्याच फटक्यात पास झाले. अभ्यास करताना एक सांभाळा: रंगातल्या शिशाची ईपीएची मर्यादा दर चौरस सेंटिमीटरला १ मिलिग्रॅम आहे, पण न्यूयॉर्क शहराने डिसेंबर २०२१ पासून ती ०.५ केली. परीक्षेत ईपीएचाच आकडा लिहायचा. शहरात काम करताना मात्र ०.५.

आणि हो, वर्गातून निघण्याआधी प्रमाणपत्रावरचं नाव लायसन्सशी अक्षर न् अक्षर ताडून बघा. चूक दिसली तर तिथेच बसून राहा, दुरुस्त झाल्याशिवाय उठू नका.