नांगर टाकून शर्यत

रविवारी मेगाब्लॉक चुकवत, चर्चगेटबाहेर टॅक्सीवाल्याशी हुज्जत घालत, हातात ओल्या कपड्यांची पिशवी आणि डबा घेऊन काही माणसं कुलाब्याचा किनारा गाठतात. कशासाठी, तर शिडाच्या होडीत बसण्यासाठी. चांगला वारा असला तर ही होडी पाच नॉटने चालते, म्हणजे ताशी नऊ किलोमीटरच्या आसपास. मरीन ड्राइव्हवर सकाळी पळणारे पोट सुटलेले काकासुद्धा जवळपास तेवढेच पळतात. वारा पडला तर वेग शून्य. त्यात ओहोटी असली तर शून्याच्याही खाली, कारण होडी मागे जायला लागते. तरी याला शर्यत म्हणतात. तिला झेंडे असतात, भोंगे असतात, जाडजूड नियमावली असते आणि एका मोसमातून दुसऱ्या मोसमात सुखरूप पोचणारी भांडणं असतात.

मी यात ओढली गेले ती लेकीमुळे. लहान मुलांची होडी म्हणजे ऑप्टिमिस्ट. लांबी 2.3 मीटर, वजन 35 किलो, नाक चपटं, शीड एकच, आणि आत एकटं पोर. पंधरा वर्षांपर्यंत तिच्यातून शर्यत खेळता येते. या परदेशी नावाच्या होडीतलं पाणी उपसायचं साधन मात्र अस्सल घरगुती असतं: तेलाचा किंवा फिनेलचा प्लास्टिकचा कॅन तिरका कापायचा आणि सुतळीने होडीला बांधायचा. मुलांना पाण्यात सोडलं की पालकांनी काठावर बसून चहा प्यावा अशी माझी समजूत होती. पण सेलिंग क्लबात रिकामा बसलेला पालक कुणाला बघवत नाही. कुणीतरी येतं, हातात एक झेंडा देतं आणि म्हणतं, ‘ताई, मी सांगितलं की खाली घ्यायचा.’ मी शर्यत खेळणारी नाही, लावणारी झाले ती अशी.

शर्यत लावणारे कमिटी बोटीवर असतात. ही बोट नांगरून ठेवतात, थोड्या अंतरावर एक बोया, म्हणजे नांगराने बांधलेली तरंगती खूण, टाकतात, आणि दोघांमधली न दिसणारी रेघ म्हणजे सुरुवातीची रेघ. पळण्याच्या शर्यतीत सगळे रेघेवर पाय रोवून उभे राहतात. होडीला पायही नाहीत आणि ब्रेकही नाही. म्हणून पाच मिनिटं मोजायची. पाच मिनिटं उरली की वर्गाचा, म्हणजे त्या जातीच्या होड्यांचा, झेंडा वर आणि भोंगा. चार उरली की निळा झेंडा, मधे पांढरा चौकोन. एक उरलं की तो खाली. मग शून्य. या पाच मिनिटांत वीस-पंचवीस होड्या रेघेमागे एकमेकींच्या अंगावर येत घिरट्या घालतात, कारण शून्याला रेघेवर असायचं, पण रेघेच्या पुढे नाही आणि वेगात. कुणी आधी निसटलं तर पांढऱ्या झेंड्यावरची निळी फुली वर जाते आणि त्याला मागे फिरून पुन्हा यावं लागतं. फारच जण निसटले आणि कोण कोण ते ओळखू येईना, तर सगळ्यांनाच परत बोलवायचं.

या पाच मिनिटांचा आवाज एकदा ऐकावा. ‘स्टारबोर्ड! स्टारबोर्ड!’ वारा ज्याच्या उजव्या बाजूने येतो त्याचा हक्क पहिला. डाव्या बाजूने वारा घेणाऱ्याने वाट सोडायची. या एका नियमापुढे वय, हुद्दा, बँक बॅलन्स सगळं गळून पडतं. अकरा वर्षांचं पोर निवृत्त नौदल अधिकाऱ्यावर खेकसतं आणि अधिकारी मुकाट्याने सुकाणू फिरवतो. काठावर आल्यावर तेच पोर त्यांना ‘अंकल, माझी बाटली बघितली का?’ असं नम्रपणे विचारतं. मला या खेळातलं सगळ्यात आवडतं ते हेच.

पण मुख्य गोष्ट वाऱ्याची. मुंबईच्या बंदरात हिवाळ्यात सकाळी जमिनीवरून मंद मतलई वारा येतो, दहा-अकराला तो दमतो, आणि दुपारी समुद्रावरून खारा वारा उठेपर्यंत मधे एक पोकळी असते. ती कधी अर्ध्या तासाची, कधी दोन तासांची. तेवढा वेळ कमिटी बोटीवर लाल-पांढऱ्या पट्ट्यांचा, म्हणजे ‘थांबा’ सांगणारा झेंडा लावतात. मग सगळे थांबतात. ज्या शहरात फलाटावरच्या पाटीवर ‘गाडी पाच मिनिटं उशिरा’ वाचून माणसं दात-ओठ खातात, त्याच शहरातली ही माणसं उन्हात, टोपी ओली करून डोक्यावर घालत, तासभर काहीही न करता बसलेली मी बघते. खेळणाऱ्यांचे फोन काठावरच्या लॉकरमध्ये असतात. होड्या एकमेकींना धरून ठेवतात, या होडीतली चकली त्या होडीत जाते, परीक्षा, जागांचे भाव, कुणाचा गुडघा, सगळं निघतं. क्लब म्हणजे काय असं विचारलं तर मी बारची खोली नाही दाखवणार, भिंतीवरच्या चषकविजेत्यांच्या पाट्याही नाही. ही पडलेल्या वाऱ्यातली बैठक दाखवीन.

आमच्या कमिटी बोटीवर एक नाखवा आहेत, कुलाब्याच्या कोळीवाड्यातले. आमच्याकडे वारा मोजायचं यंत्र आहे, मोबाइलवर हवामानाची दोन-तीन ॲप आहेत, रेडिओ आहे. नाखवा हे काहीच बघत नाहीत. ‘नाखवा, वारा कधी?’ विचारलं की ते कुलाब्याच्या टोकाकडे हनुवटी करतात. ‘तिकडं पानी काला झाला का बग. काला झाला की आला समज.’ वाऱ्याने पाण्यावर बारीक सुरकुत्या पडतात, त्या भागात आकाशाचा उजेड कमी परततो आणि पाणी गडद दिसतं, हे शास्त्र मी नंतर वाचलं. भरतीचं गणितही त्यांचं बोटांवर. तिथीची पाऊणपट करायची, ती भरतीची वेळ. अष्टमी असेल तर सहाला, चतुर्थी असेल तर तीनला, पौर्णिमेला सव्वा अकरा. छापील भरती-ओहोटीच्या तक्त्याशी ताडून बघितलं तर थोडं इकडेतिकडे होतं, पण शर्यतीचा बेत आखायला पुरतं. आमचे एक सभासद आयटीतले आहेत. त्यांनी या पाऊणपटीचा एक्सेल शीट केला आहे आणि तो ते मोठ्या अभिमानाने नाखव्यांना दाखवतात. नाखवा मान डोलावतात आणि बिडी शोधतात.

भरती-ओहोटी इथे थट्टेची गोष्ट नाही. मोठ्या उधाणाला मुंबईत पाण्याची पातळी चार मीटरच्या वर चढते-उतरते, आणि सहा-साडेसहा तासांत एवढं पाणी या बंदरातून आत-बाहेर व्हायचं म्हणजे ओढ किती असेल बघा. ओहोटी लागली, वारा पडला, की होड्या नाक गेटवेकडे ठेवून पाठीमागे खुल्या समुद्राकडे सरकू लागतात. शिडं ताणलेली, सगळे गंभीर, आणि पूर्ण ताफा उलटा चाललेला.

अशा वेळी जुने खेळाडू एक युक्ती करतात. शर्यत चालू असताना नांगर टाकायला नियमांची पूर्ण परवानगी आहे. अट एवढीच की निघताना तो उचलून घ्यायचा. मग मुरलेला गडी काय करतो, तर प्रतिस्पर्ध्यांना दिसणार नाही अशा बाजूने, आवाज न करता, हळूच नांगर पाण्यात सोडतो. शीड तसंच लावलेलं, चेहरा तसाच, हात सुकाण्यावर. इतर होड्या मागे मागे जात राहतात आणि त्यांना वाटतं, याला तेवढा वारा कुठून मिळतोय? तो जागेवर उभा राहून शर्यतीत पुढे जात असतो. कुणाच्या तरी लक्षात येतं, ‘अरे, याने नांगर टाकलाय!’ आणि मग चहूकडे साखळ्या आणि दोऱ्या सुटल्याचे आवाज. उशीर झालेला असतो. ज्यांच्याकडे नांगर नाही ते उथळ पाण्याकडे सरकतात, तिथे ओढ कमी असते. मला कुणी या खेळाचं मर्म विचारलं तर मी वारा कापत जाणाऱ्या शिडाचं वर्णन करणार नाही, हा चोरून टाकलेला नांगरच सांगीन.

अर्थात ही विद्या क्लबांनी शोधलेली नाही. बंदराच्या तोंडाबाहेर दक्षिणेला खांदेरी आहे. 1679 साली शिवाजी महाराजांनी तिथे तटबंदी बांधायला घेतली तेव्हा मुंबईकर इंग्रजांनी मोठी जहाजं आणून बेट अडवायचा प्रयत्न केला. मराठ्यांच्या लहान, उथळ पाण्यात चालणाऱ्या, वल्ह्यांवरही हलणाऱ्या होड्या त्यांच्यामधून माणसं आणि सामान घेऊन आत जात राहिल्या, आणि किल्ला उभा राहिला. त्या होड्यांवर भंडारी होते, कोळी होते. पुढे त्याच इंग्रजांनी इथे शिडांच्या शर्यतीचा क्लब काढला. 1846 साली स्थापन झालेला आजचा रॉयल बॉम्बे यॉट क्लब गेटवेपेक्षा बराच जुना. गेटवे पुरा झाला 1924 साली. स्वातंत्र्याआधी तिथे सभासद गोरे आणि होडी ओढणारे इथले, अशी वाटणी होती. स्वातंत्र्यानंतर क्लबाच्या जुन्या इमारतीत चक्क टाटा मूलभूत संशोधन संस्था आली. 1949 पासून नेव्हीनगरची वास्तू तयार होईपर्यंत, म्हणजे 1962 पर्यंत, होमी भाभांची मंडळी तिथे विश्वकिरणांचं गणित करत होती. शिडांच्या जागी सिद्धान्त! मला हा बदल फार आवडतो.

हा श्रीमंतांचा खेळ आहे हे कुणी म्हटलं तर मी भांडत नाही. होडी महाग, शिडं महाग, क्लबाचं सभासदत्व तर विचारूच नका. पण पदकं कुणी आणली ते बघितलं तर चित्र थोडं वेगळं दिसतं. 1982 च्या आशियाई स्पर्धा दिल्लीच्या म्हणून आपल्याला आठवतात, ‘अप्पू’ हत्तीसकट, पण त्यातल्या शिडांच्या शर्यती आपल्या मुंबईत झाल्या, आणि फारोख तारापोर आणि झरीर करंजिया या जोडीने फायरबॉल वर्गात सुवर्णपदक घेतलं. अलीकडे लष्कराचे सुभेदार विष्णू सरवणन मुंबईच्या आर्मी यॉटिंग नोडमध्ये, म्हणजे लष्कराच्या शिडाच्या होड्यांच्या केंद्रात घडले, दोन ऑलिंपिक खेळले आणि हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत कांस्य घेऊन आले. जवानाला होडी सरकार देतं, वारा तर कुणाच्या बापाचा नाही. आमच्या क्लबात लेकीबरोबर शिकणाऱ्यांत नाखव्यांची नातही आहे. ती पहिल्या दिवशी होडीत बसली तेव्हा तिला कुणी काही शिकवलं असं मला तरी दिसलं नाही.

आता भांडणांकडे येते. शिडांच्या शर्यतीत सहसा प्रत्येक होडीमागे पंच नसतो. नियम मोडला तर मोडणाऱ्याने स्वतःच कबूल करायचं आणि जागच्या जागी होडीला दोन पूर्ण फेरे मारायचे. बोयाला नुसता धक्का लागला तर एक. भर समुद्रात, सगळे पुढे चाललेले असताना, कुणी न सांगता एखादी होडी आपली आपण प्रदक्षिणा घालू लागते, ते बघून मुंबईच्या सिग्नलवर वाढलेल्या माणसाला भडभडून येतं. पण सगळेच इतके सात्त्विक नसतात. मग समोरचा ‘प्रोटेस्ट!’ म्हणून ओरडतो, होडी मोठी असेल तर लाल झेंडा लावतो, आणि संध्याकाळी प्रकरण खोलीत येतं. टेबलावर हातभर जागा, त्यावर खेळण्यातल्या होड्या. त्या सापडल्या नाहीत तर मिठाची आणि मिऱ्याची डबी. मीठ म्हणजे वादी, मिरी म्हणजे प्रतिवादी, वारा बशीकडून. दोघेही शपथेवर सांगतात की आपणच स्टारबोर्डवर होतो. साक्षीदार येतो, डब्या हलवतो आणि असं काही सांगतो की होड्या एकमेकींच्या आरपार गेल्या असाव्यात. निकाल लागतो. हरलेला तणतणत बाहेर येतो, आणि जिंकलेल्याच्या स्कूटरवर मागे बसून चर्चगेटला जातो, कारण दोघांनाही विरार पकडायची असते.

गुणांची पद्धतही उलटी. पहिल्याला एक गुण, दुसऱ्याला दोन. ज्याचे सगळ्यात कमी तो विजेता. आणि मालिकेतली एक सगळ्यात वाईट शर्यत बहुधा मोजणीतून वगळतात. लेकीने हे ऐकल्याबरोबर घरी येऊन बीजगणिताच्या पेपराबद्दल हीच मागणी केली. मी ती क्लबाच्या सेक्रेटरींकडे पाठवली.

मे सरत आला की होड्या पाण्याबाहेर काढतात. पावसाळ्यात या बंदरात शिडं नकोत. जून-जुलैमध्ये मासेमारीही बंदच असते. बुडाला चिकटलेल्या शिंपल्या खरवडायच्या, दोऱ्या गोड्या पाण्यात धुवून सावलीत वाळवायच्या, शिडं घडी न घालता गुंडाळायची, डोलकाठ्यांवर नंबर घालायचे. हे काम करताना पुढच्या मोसमाच्या तारखा ठरतात आणि लगेच वाजतं. नाखव्यांचं म्हणणं, नारळी पौर्णिमेला नारळ देऊन घ्या आणि मग दसऱ्यानंतर बघू. आयटीवाल्यांनी एक्सेल उघडून ऑक्टोबरातल्या एका रविवारी अष्टमी येते, म्हणजे भांग, पाण्याला ओढ कमी, ऐन दुपारी ओहोटी, असं दाखवलं. त्यावर मागच्या वर्षीच्या नांगरवाल्यांनी ठाम हरकत घेतली. ओढ नसेल तर त्यांचं काय उरतं? मतदान झालं, हात मोजले, पुन्हा मोजले, आणि तारीख पुढच्या बैठकीवर गेली.