इथे वरून फोन येत नाही

अमेरिकेत, टेक्सासमधल्या डॅलसच्या उत्तरेला ॲलन नावाचं उपनगर आहे. तिथल्या सरकारी हायस्कूलचं फुटबॉल स्टेडियम १८,००० प्रेक्षकांचं. २०१२ मध्ये ६ कोटी डॉलर खर्चून बांधलेलं. शुक्रवारी मॅच असली की चाळीस वर्षांपूर्वी शाळा सोडलेले आजोबासुद्धा शाळेचं जाकीट चढवून हजर! चोपड्याला शाळेमागच्या मातीत कबड्डी खेळलेल्या माणसाला हे कौतुकाचंच वाटतं. पण इतक्या लाडात वाढलेल्या खेळाडूने काही भलतंसलतं केलं, तर त्याला विचारायचं कोणी?

इथून दोनेक तासांवर वेको. तिथल्या बेलर विद्यापीठात फुटबॉलपटूंवर लैंगिक अत्याचाराचे आरोप झाले. २०१६ मध्ये वकिलांच्या चौकशीत निघालं, की फुटबॉल विभाग अशा तक्रारी परस्पर स्वतःच हाताळत होता. म्हणजे आपलं ते 'घरातलं घरात मिटवू'. कोच आर्ट ब्राइल्स गेले, अध्यक्ष केन स्टार यांचं पद गेलं. आणि २०१९ मध्ये टेक्सासमधल्याच माउंट व्हर्नन गावच्या हायस्कूलने ब्राइल्सना कोच म्हणून घेतलं.

कॅलिफोर्नियातल्या स्टॅनफर्ड विद्यापीठाचं प्रकरण मला जास्त छळतं. तिथल्या जलतरणपटू ब्रॉक टर्नरने बेशुद्ध मुलीवर अत्याचार केला. सायकलवरून जाणाऱ्या दोन स्वीडिश विद्यार्थ्यांनी त्याला पकडून ठेवलं. सरकारी वकिलांनी ६ वर्षं मागितली. न्यायाधीश ॲरन पर्स्की यांनी ६ महिने दिले, त्यातले भोगले ३. तुरुंगाचा या मुलावर गंभीर परिणाम होईल, असं त्यांचं म्हणणं. पर्स्की स्वतः स्टॅनफर्डचे, तिथल्या लॅक्रॉस (जाळीच्या काठीने चेंडू खेळायचा खेळ) संघाचे कप्तान राहिलेले. पुढे न्यायिक आयोगाने तपासलं, तर गैरवर्तन काहीच सापडलं नाही. सापडणार कसं? कुणी फोन केलाच नव्हता, की पाकीट दिलं नव्हतं. माझ्या मते समोरच्या पोरात न्यायाधीशांना तरुणपणचे आपण दिसले असावेत. तेवढं पुरतं. (विद्यापीठाने मात्र टर्नरला आवारात पाऊल टाकायला लगेच बंदी केली होती, हेही सांगायला हवं.)

आपल्याकडे फोन येतो. मी शिकलो त्या कॉलेजात राज्य पातळीवर खेळलेल्या एका कबड्डीपटूने होस्टेलच्या पोराला बादलीने मारलं होतं. कपाळावर तीन टाके. प्राचार्यांनी निलंबनाचं पत्र टाइपसुद्धा करून घेतलं. तेवढ्यात टेबलावरचा फोन वाजला. संस्थेच्या संचालकांचा. ते स्वतः त्याच कॉलेजचे, त्याच संघातून खेळलेले. "आपलाच पोऱ्या शे, जाऊ द्या सर." पत्र टेबलाच्या खणात गेलं, माफीनामा लिहून घेतला, तोही शिपायाने सांगितला तसा. मार खाणारा पोरगा सातपुड्यातल्या अक्राणीकडचा, पावरा आदिवासी. त्याच्यासाठी फोन करणारं कुणी नव्हतं. दिवाळीच्या सुट्टीत गेला, तो परत आलाच नाही.

परवा आप्पांना फोनवर पर्स्कींचं सांगत होतो. आप्पा निवृत्त मुख्याध्यापक, असल्या फोनांना पुरून उरलेले.

"मग त्या जजचं काय झालं?"

"२०१८ मध्ये लोकांनी मतदान करून काढलं त्याला."

"आपल्या संस्थेचीबी निवडणूक असते ना," आप्पा म्हणाले. "फक्त तिथं मत सभासदाला. होस्टेलच्या पोराच्या बापाला नाही."