डीमार्टला परवडतं कसं? तुम्ही विचारलंत म्हणून

साबण, टूथपेस्ट आणि बिस्किटांची एजन्सी मी कल्याण-डोंबिवली पट्ट्यात सत्तावीस वर्षं चालवली. ती बंद करूनही आता काही वर्षं झाली, पण एक प्रश्न माझी पाठ सोडत नाही. सोसायटीच्या मीटिंगमध्ये, लग्नाच्या पंगतीत, परवा तर दाताच्या डॉक्टरांनी मी तोंड उघडं ठेवून खुर्चीत पडलेलो असताना विचारलं, "काका, तुम्ही या धंद्यातले. डीमार्टला इतकं स्वस्त परवडतं कसं हो?" विचारणाऱ्याकडे एक उत्तर तयारच असतं. माल मुदत संपत आलेला असणार, नाहीतर काहीतरी गोलमाल असणार.

माझं उत्तर एका शब्दाचं आहे: रोख. पण तेवढ्यावर कुणाचं समाधान होत नाही, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

आमच्या धंद्यात शंभर रुपयांच्या मालामागे डिस्ट्रिब्युटरला, म्हणजे कंपनीचा माल दुकानांपर्यंत पोचवणाऱ्या माझ्यासारख्याला, पाचेक रुपये सुटायचे. त्यात गोदामाचं भाडं, टेम्पो, दोन सेल्समन आणि उंदरांनी कुरतडलेली खोकी. आता समजा दुकानदाराने पैसे नव्वद दिवसांनी दिले आणि बँकेच्या कॅश क्रेडिटवर, म्हणजे धंदा चालवायला घेतलेल्या कर्जावर, मी वर्षाला बारा टक्के व्याज भरतोय. शंभरामागे तीन रुपये नुसत्या व्याजात गेले. उरले दोन. त्यातून टेम्पोवाल्याला द्या आणि घरीही न्या. त्यामुळे माल उतरल्याबरोबर पैसे मोजणाऱ्या गिऱ्हाईकाला आम्ही आपणहून दोन टक्के सोडायचो. ते औदार्य नव्हतं, त्यात आमचाच फायदा होता.

डीमार्टने हेच केलं, फक्त फार मोठ्या प्रमाणावर. त्यांना मी कधी माल दिला नाही, ते बहुतेक थेट कंपन्यांकडून घेतात. पण कंपनी शेअर बाजारात असल्यामुळे हिशेब सगळ्यांना खुले आहेत. पुरवठादारांचे पैसे ते साधारण आठ-दहा दिवसांत देतात आणि माल महिन्याभरात विकून मोकळे होतात. इतक्या लवकर आणि इतक्या मोठ्या रकमेचा चेक हातात पडत असेल, तर कुठलीही कंपनी भाव खाली आणते. तो उतरलेला भाव ते एमआरपीच्या शेजारी छापतात. आपल्याकडे एमआरपी पाकिटावर असतेच, त्यामुळे किती वाचले ते गिऱ्हाईकाला वेगळं सांगावं लागत नाही.

दुसरी गोष्ट जागेची. डीमार्टचे संस्थापक राधाकिशन दमाणी यांचा या बाबतीतला हट्ट मला फार आवडतो. दुकान शक्यतो स्वतःच्या जागेत, नाहीतर खूप लांब मुदतीच्या भाडेपट्ट्यावर. मॉलमध्ये चकचकीत गाळा नाही. भाडं नाही म्हटलं की दर महिन्याच्या एक तारखेचा घोर नाही. आमच्या बाजारपेठेतले जुने कच्छी आणि मारवाडी दुकानदार पोराला पहिला धडा हाच द्यायचे: आधी गाळा आपल्या नावावर कर, मग पाटी रंगव. मॅनेजमेंट शिकलेली मुलं याला 'मॉडेल' म्हणतात तेव्हा मला हसू येतं.

दमाणी मूळचे दुकानदार नव्हते. मुंबईत बॉल बेअरिंगचा व्यापार होता. वडील गेल्यावर तो सोडून ते भावाबरोबर शेअर दलालीत आले. हर्षद मेहतांच्या तेजीत मंदीवाल्यांच्या, म्हणजे भाव पडतील यावर पैसे लावणाऱ्यांच्या, बाजूने उभे राहिले, तगले, आणि पुढे कंपन्या पारखून वर्षानुवर्षं शेअर सांभाळणारे गुंतवणूकदार म्हणून नाव झालं. शेअर बाजारातले बडे गुंतवणूकदार राकेश झुनझुनवाला त्यांना गुरू मानायचे. पांढरा शर्ट, पांढरी पँट आणि मुलाखतींपासून चार हात लांब.

या माणसाने किराण्याचे धडे गिरवले कुठे? अपना बाजारमध्ये! १९४८ मध्ये नायगावच्या गिरणी कामगारांनी ग्राहक सहकारी संस्था काढली, तिचाच हा 'अपना बाजार'. आमच्या घरी दिवाळीचं सामान तिथूनच यायचं आणि रांगेत पिशव्या सांभाळत उभं राहायचं काम माझं. १९९९ च्या सुमारास दमाणींनी नेरुळला अपना बाजारची फ्रँचायझी घेतली. पुढे ते आपल्या वाटेने गेले आणि २००२ मध्ये पवईत पहिलं डीमार्ट उघडलं. कामगारांच्या संस्थेकडून शेअर बाजारातल्या माणसाने दुकानदारीचा श्रीगणेशा करावा, ही गंमत मला कुणी सांगितली नव्हती. कळली तेव्हा दोन दिवस मी भेटेल त्याला सांगत सुटलो होतो.

त्यानंतरची चाल कासवाची. २००४ मध्ये हिंदुस्थान युनिलिव्हरमधून इग्नेशियस नेव्हिल नोरोन्हा आले आणि रोजचा कारभार त्यांनी सांभाळला. ते दिवस आठवा. दर महिन्याला नव्या साखळीची पाटी लागायची, फुगे, सनई, उद्घाटनाला सिनेमातलं कुणीतरी. डीमार्ट मात्र महाराष्ट्र-गुजरातेत एकमेकांच्या जवळजवळ दुकानं उघडत राहिलं, म्हणजे एका गोदामातून चार ठिकाणी गाडी फिरते. मार्च २०१७ मध्ये शेअर बाजारात नोंदणी झाली, तेव्हा पंधरा वर्षांत दुकानं सव्वाशेच्या आसपास होती. २९९ रुपयांना दिलेला शेअर पहिल्याच दिवशी दुपटीच्या वर गेला. मार्च २०२४ पर्यंत दुकानं ३६५ झाली. (नाही, मी शेअर घेतला नव्हता. हाही प्रश्न नेहमीचाच.)

आणखी एक गोष्ट बायकोला सांगितली तर तिला पटली नाही. डाळ-साखरेवर त्यांना फार सुटत नाही. विक्रीतला निम्म्याहून जास्त वाटा खाण्याच्या वस्तूंचा आहे, पण साधारण पाव वाटा कपडे, भांडी, बादल्या, डबे यांचा आहे आणि खरी कमाई तिथे बरी आहे. तूरडाळ घ्यायला गेलेला माणूस टॉवेल आणि तीन डब्यांचा सेट घेऊन येतो. आमच्या घरात आता चौदा टॉवेल आहेत, माणसं तीन.

या सगळ्यात माझ्यासारख्यांचं काय झालं तेही सांगायला हवं. बारा वर्षं माझ्याकडून माल घेणारा गिऱ्हाईक, गल्लीतला किराणावाला, एकदा मला डीमार्टच्या रांगेत दिसला. ट्रॉलीत साबणाच्या वड्यांचा ढीग. दोघंही ओशाळलो. मग तो म्हणाला, "साहेब, तुमच्या बिलापेक्षा इथे स्वस्त पडतं, मी काय करू?" काही करण्यासारखं नव्हतंच. कंपनी मला ज्या भावाने माल देत होती, त्याच्या खाली मी जाणार कसा? त्याचं दुकान अजून चालू आहे, कारण तो महिनाभर वहीत मांडून ठेवतो आणि फोन केला की पाव किलो रवा तिसऱ्या मजल्यावर पोचवतो. बंद झाली ती माझी एजन्सी.

अर्थात माझी एजन्सी डीमार्टने एकट्याने बंद केली, असं म्हणणं खोटं ठरेल. फुगे-सनईवाल्या त्या साखळ्यांपैकी एकीला मी माल देत होतो. नाव नको. साठ दिवसांचं क्रेडिट नव्वदवर गेलं, नव्वदचं एकशे वीसवर. मॅनेजर दर वेळी चहा पाजून सांगायचा, "पुढच्या आठवड्यात नक्की." एका सोमवारी गेलो तर शटर खाली आणि दारात माझ्यासारखेच अकरा जण, प्रत्येकाच्या हातात बिलांची फाइल.

इथपर्यंत ऐकलं की सगळे विचारतात, मग पैसे मिळाले का? अर्धे मिळाले, चार हप्त्यांत. शेवटचा चेक परत आला, तो अजून कपाटात आहे.