मुद्देमालातली वही

कोर्टातला दुपारचा बोर्ड, म्हणजे त्या दिवशीच्या प्रकरणांची यादी, संपत आला होता आणि मी फाइली आवरत होते. तेवढ्यात विधी सेवा प्राधिकरणाच्या कार्यालयातून फोन आला. "मॅडम, स्पावर रेड झालीय. चार महिलांना हजर करतायत. त्यांच्या बाजूने कुणीच नाही. येता का?" मी प्राधिकरणाच्या वकिलांच्या पॅनलवर आहे. १९८७ च्या विधी सेवा कायद्यात महिलेला उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो, पण त्या वेळी तिला ते सांगायला कुणीतरी तिथे असावं लागतं. मी गेले.

चौघी कॉरिडॉरमधल्या बाकावर, ओढण्या नाकापर्यंत ओढून बसल्या होत्या. समोर दोन-तीन जण मोबाइल रोखून उभे. मे २०२२ मध्ये बुद्धदेव कर्मास्कर प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं आहे की छाप्यातल्या महिलांची ओळख उघड होईल असे फोटो माध्यमांनी दाखवू नयेत. मी बंदोबस्तावरच्या हवालदारांना तेवढंच सांगितलं. त्यांनी लगेच त्या माणसांना बाहेर काढलं. भला माणूस होता.

एकेकीशी बोलायला मला जेमतेम वीस मिनिटं मिळाली. पहिलीच मला म्हणाली, "मॅडम, यांनी मला पीडित लिहिलंय. मी पीडित नाही. मी मालिश करते."

पस्तिशीची बाई. तिने हात पुढे केले. नखं मुळापर्यंत कापलेली, दोन्ही अंगठ्यांच्या बुडाशी घट्टा पडलेला, आणि हाताला निलगिरीच्या तेलाचा वास अजून होता. छापा पडला तेव्हा ती एका गिऱ्हाइकाची पाठ चोळत होती. हात धुवायलाही मिळाले नव्हते.

"नियुक्तीपत्र आहे?" नाही. "पगाराची पावती?" रोख मिळतो. "ओळखपत्र?" मालकाकडे. प्रशिक्षण घेतल्याचा दाखला होता, पण तो घरी, ट्रंकेत.

अशा प्रकरणांत माझा जीव इथेच अडकतो. आपल्याकडे स्पासाठी म्हणून संसदेने केलेला वेगळा कायदा नाही. महाराष्ट्रात २०१७ चा दुकाने व आस्थापना कायदा लागू होतो. कामगार ठरावीक संख्येइतके किंवा जास्त असतील तर नोंदणी, त्याहून कमी असतील तर नुसती सूचना द्यायची. इथे कामाला सात जण, म्हणून मालकाने सूचना दिल्याची पावती भिंतीला चिकटवलेली. खोलीत कोण काय काम करतं, त्याचं शिक्षण काय, याचा त्या पावतीशी काही संबंध नाही. मग काही बिनसलं की एकदम समोर येतो तो अनैतिक व्यापार (प्रतिबंध) अधिनियम, १९५६, ज्याला कोर्टात सगळे 'पीटा' म्हणतात. या दोन टोकांच्या मध्ये, आपलं काम हे खरंच काम आहे एवढं दाखवणारा एक कागदही त्या बाईच्या हातात नसतो.

प्रकरण नेहमीच्या धाटणीचं होतं. पोलिसांनी पंटर, म्हणजे बनावट गिऱ्हाईक, पाठवला. त्याने काउंटरवर मॅनेजरशी बोलणं केलं, खुणा केलेल्या नोटा मॅनेजरलाच दिल्या आणि इशारा केला. मॅनेजर आणि मालकावर कलम ३, ४ आणि ५, म्हणजे कुंटणखाना चालवणं, त्या कमाईवर जगणं आणि त्यासाठी बायका मिळवणं. चौघींवर गुन्हा नाही. अर्ज एवढाच की त्या पीडित आहेत, म्हणून त्यांना सुधारगृहात ठेवावं.

ऐकायला हे दयेचं वाटतं. पण सुधारगृहाला बाहेरून कुलूप असतं. कलम १७ प्रमाणे चौकशी होईपर्यंत तीन आठवड्यांपर्यंत ठेवता येतं, आणि पुढे संरक्षणाची गरज आहे असं न्यायाधीशांचं मत झालं तर एक ते तीन वर्षं. मॅनेजर मात्र जामिनावर त्याआधी बाहेर आलेला असू शकतो.

पंचनामा वाचला. पंच दोघेही पुरुष. कलम १५ सांगतं की झडतीला त्या भागातले किमान दोन प्रतिष्ठित रहिवासी हवेत आणि त्यात निदान एक महिला हवी. सोबत किमान दोन महिला पोलीसही हव्यात. त्या मात्र होत्या, हे मी मान्य केलं. पंचांच्या त्रुटीवरून अख्खा छापा बेकायदा ठरवा, असं काही मी म्हटलं नाही. बाई राधा प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने फार पूर्वीच सांगितलंय की अशा उणिवेमुळे आपोआप खटला कोसळत नाही. मला एवढंच दाखवायचं होतं की त्या खोल्यांमध्ये काय चाललं होतं ते एकाही बाईने पंच म्हणून पाहिलेलं नाही.

सरकारी वकिलांचा जोर दाराच्या कडीवर होता. "खोल्यांना आतून कड्या होत्या, सर." मी विचारलं, कडी नसावी असा इथे लागू असलेला नियम कोणता? तो त्यांना दाखवता आला नाही. दिल्लीत २०२१ मध्ये स्पासाठी मार्गदर्शक सूचना निघाल्या, त्यात खोल्यांना कडी-बोल्ट नको असं आहे. स्त्रीने पुरुषाला किंवा पुरुषाने स्त्रीला मालिश करू नये, असंही त्यात होतं. त्या सरसकट बंदीला दिल्ली उच्च न्यायालयाने त्याच वर्षी डिसेंबरमध्ये स्थगिती दिली. कॅमेऱ्यांचंही तसंच. मद्रास उच्च न्यायालयात एका न्यायमूर्तींनी स्पामध्ये सीसीटीव्ही लावायला सांगितलं, तर जानेवारी २०२२ मध्ये दुसऱ्यांनी म्हटलं की स्पाच्या आत कॅमेरा म्हणजे माणसाच्या खासगीपणावर घाला. जिथे न्यायमूर्तींचंही एकमत नाही, तिथे रोजावर काम करणाऱ्या बाईने कुठला नियम पाळायचा? कपडे उतरवून पालथं झोपलेल्या माणसासाठी दाराला कडी लावली, एवढ्यावरून तिच्या चारित्र्याचा अंदाज कसा बांधायचा?

मग मुद्देमालाची यादी. मोबाइल, नोटा, तेलाच्या बाटल्या, टॉवेल, आणि शेवटी, "हिशोबाची वही, एक". अर्जात लिहिलं होतं की या वहीवरून रोज येणाऱ्या ग्राहकांची संख्या दिसते. ती पस्तिशीची बाई मागून हळूच म्हणाली, "मॅडम, ती हिशोबाची नाहीये. माझी आहे."

तपासी अधिकाऱ्यांनी वही सोबत आणली होती. मी ती न्यायाधीशांनी स्वतः पाहावी अशी विनंती केली. शंभर पानी, रेघांची, कव्हरवर तेलाचे डाग. त्यांनी मधलं पान उघडलं आणि वाचत राहिले. मी ती नंतर पाहिली. नावं नव्हती, वार आणि वेळ होती. 'डावा खांदा, जोर कमी.' 'कंबर. चमक पायात उतरते, डॉक्टरला दाखवा सांगितलं.' 'आजी, साखर आहे, पायाला गरम तेल नको.'

"हे कुणी लिहिलं?"

"मी, साहेब."

"पायाला गरम तेल का नको?"

"साखरवाल्यांना पायाला चटका कळत नाही, साहेब. भाजलं तरी कळत नाही."

कोर्टात कुणीच काही बोललं नाही. न्यायाधीशांनी वही मिटली नाही, तशीच उघडी समोर ठेवली.

मी मुंबई उच्च न्यायालयाचा सप्टेंबर २०२० चा निकाल पुढे केला. त्यात तीन सज्ञान तरुणींना सुधारगृहात ठेवण्याचे आदेश रद्द झाले, कारण सज्ञान बाईला तिच्या इच्छेविरुद्ध असं कोंडता येत नाही. तो निकाल देहविक्रय करणाऱ्या स्त्रियांबद्दल होता. तिलाही जर कोंडता येत नसेल, तर जी सांगतेय की मी फक्त मालिश करते, तिला कसं कोंडणार?

पण चौघींची गोष्ट एक नव्हती. सगळ्यात लहान, विशीतली, बाकावर माझ्या कानात बोलली होती. तिचा पगार अडकवला होता, आधार कार्ड मॅनेजरकडे होतं, आणि नाही म्हणायची सोय नव्हती. तिला परत जायचं नव्हतं, तिला सुधारगृहच हवं होतं. तिच्यासाठी तो छापा पडायलाच हवा होता, हेही मी न्यायाधीशांना स्पष्ट सांगितलं. मला छाप्याचा राग नव्हता. चौघींचा एकच अर्ज, एकच मजकूर, फक्त नावं बदललेली, त्याचा राग होता. प्रत्येकीला वेगळं विचारायला किती वेळ लागला असता?

न्यायाधीशांनी प्रत्येकीला वेगवेगळं बोलावून विचारलं. घरची परिस्थिती तपासणाऱ्या परिविक्षा अधिकाऱ्यांना (प्रोबेशन ऑफिसर) लवकर अहवाल द्यायला सांगितलं. तोवर मात्र चौघींना आत ठेवलं. अकराव्या दिवशी अहवाल आला आणि तिघी सुटल्या. चौथी तिच्या इच्छेने राहिली.

अकरा दिवसांत त्या वहीवाल्या बाईची नोकरी गेली होती, जागेला सील लागलं होतं. ती मला भेटायला आली ते काम शोधून द्या म्हणायला नाही. "माझी वही मिळेल का?"

खटला संपेपर्यंत वही मुद्देमालातच राहणार होती. सुपूर्दनाम्यावर, म्हणजे हमी लिहून देऊन, मिळावी म्हणून अर्ज केला, तो फेटाळला गेला, कारण ती आता पुरावा होती. मग नक्कल विभागात खेटे घालून पानांच्या प्रती काढल्या. ती कोर्टाच्या पायरीवर बसली, एकेक पान उलटत गेली आणि एका ओळीवर बोट ठेवून थांबली.

"ही आजी मंगळवारी यायची. आता ती जाईल तिथे तिला विचारतील का हो, साखर आहे का म्हणून?"