पायथन ३.११, एक पाय आणि आईचे पापड

गच्चीवर माझा रास्पबेरी पाय ३, म्हणजे एक छोटासा कॉम्प्युटर, बसवलेला आहे. बीएमई२८० सेन्सर, दर दहा मिनिटांनी तापमान आणि आर्द्रता, घरातल्या जुन्या टॅबवर आलेख. त्याची खरी गिऱ्हाईक आई. उन्हाळ्यात आर्द्रता बघून ती ठरवते, आज पापड घालायचे की नाही.

पायची सिस्टिम बुलसायवरून बुकवर्मवर, म्हणजे डेबियन लिनक्सच्या जुन्या आवृत्तीवरून पुढच्या आवृत्तीवर न्यायची होती. जागच्या जागी अपग्रेड करण्यापेक्षा दुसऱ्या कार्डावर नवी सिस्टिम टाकली, जुनं कार्ड ड्रॉवरमध्ये ठेवलं. आयटूसी, म्हणजे सेन्सरशी बोलायची वाट, पुन्हा चालू करावी लागली. तक्त्यात सेन्सरचा पत्ता ७६ दिसला, सेन्सर जिवंत. माझी स्क्रिप्ट ज्या भाषेत आहे ते पायथन मात्र ३.९चं ३.११ झालं होतं, म्हणजे सगळी पॅकेजेस नव्याने टाकणं आलं.

जुन्या सवयीने पिप (पायथनची पॅकेजेस आणणारं साधन) इन्स्टॉल मारलं आणि लाल अक्षरांत 'एक्स्टर्नली मॅनेज्ड एन्व्हायर्नमेंट', म्हणजे इथला ताबा दुसऱ्याकडे आहे. खाली चार ओळींत उपाय लिहिला होता: आधी अ‍ॅप्टमध्ये (सिस्टिमची स्वतःची पॅकेजेस देणारं साधन) बघा, नाहीतर व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंट, म्हणजे पॅकेजेससाठी वेगळी खोली, करा. मी तो वाचलाच नाही, थेट शेवटाकडे गेलो. तिथे ब्रेक-सिस्टिम-पॅकेजेस असा पर्याय होता. नावातच धोक्याची पाटी लावलेली असताना मी तो सुडोसकट, म्हणजे पूर्ण अधिकारांनिशी, वापरला! वर पॅकेजेसची जुनी यादी, आणि सगळं ताजं हवं म्हणून अपग्रेडचा पर्यायही.

झालं असं, की पिपने नमपाय २ (आकडेमोडीचं पॅकेज) आणून यूएसआर-लोकल फोल्डरमध्ये ठेवलं. पायथन तिथे आधी बघतं. अ‍ॅप्टने दिलेलं पांडास (आकड्यांचे तक्ते हाताळणारं पॅकेज) मात्र नमपाय १.२४ धरून बांधलेलं. इम्पोर्ट करताच भलीमोठी एरर. डेबियनने ते कुलूप नेमकं कशासाठी घातलंय ते तेव्हा कळलं: सिस्टिमचं पायथन अ‍ॅप्टच्या ताब्यात असतं, पिपने त्यात परस्पर हात घातला की दोघांची जुगलबंदी सुरू.

सुडो पिप अनइन्स्टॉल करून आगंतुक नमपाय काढलं, खालचं जुनं आपोआप वर आलं. मग सरळ मार्गाने गेलो. पांडास आणि आलेख काढणारं मॅटप्लॉटलिब अ‍ॅप्टमधूनच. पिपने टाकली असती तर तास गेला असता असं नाही, पायव्हील्स या पायसाठीच्या साइटवर तयार चाकं, म्हणजे आधीच बांधलेली पॅकेजेस, मिळतात. पण १ जीबी रॅमच्या पायवर कशाला उगाच. सेन्सरचं पॅकेज अ‍ॅप्टमध्ये नव्हतं, त्यासाठी व्हेन्व, म्हणजे तेच व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंट. बनवताना 'सिस्टिम-साइट-पॅकेजेस' हा पर्याय दिला, म्हणजे अ‍ॅप्टची पॅकेजेस आतूनही दिसतात. हे विसरलं तर पांडास सापडत नाही म्हणून डोकं धरून बसाल. अर्ध्या मिनिटात पॅकेज बसलं, स्क्रिप्ट हाताने चालवली, ३४.२ अंश. खूश होऊन झोपलो.

दुसऱ्या दिवशी आईने विचारलं, "अरे, तुझं ते यंत्र कालपासून ६१ टक्क्यांवरच अडकलंय. पीठ भिजवू की नको?"

क्रॉन! दर दहा मिनिटांनी स्क्रिप्ट चालवतं ते हेच. क्रॉनच्या ओळीत नुसतं पायथन३ होतं, म्हणजे सिस्टिमचं. टर्मिनलमध्ये मी व्हेन्व सुरू केलेलं, म्हणून तिथे चाललं. क्रॉनला त्याचा पत्ताच नाही. ओळीत व्हेन्वच्या बिन फोल्डरमधल्या पायथनचा पूर्ण मार्ग लिहिला आणि एरर एका लॉग फाइलमध्ये वळवल्या. ११:४० ला नवा आकडा आला, ३८ टक्के.

आईने तोवर पीठ भिजवलं होतं. जुनं कार्ड अजून ड्रॉवरमध्येच आहे.